धरलेले वर्ष

विद्यापीठाच्या नियमावलीत त्या गोष्टीला ‘एक्झेम्प्शन’ म्हणत. हा शब्द चुकीचा आहे असे डॉ. सुहास पेंडसे यांचे मत होते, आणि ते त्यांनी रसायनशास्त्र विभागाच्या बैठकीत एकदा मांडलेही होते. एखाद्या विद्यार्थ्याने दुसऱ्या संस्थेत पदवीच्या पहिल्या वर्षाइतका अभ्यास पूर्ण केला असेल, तर त्याला थेट दुसऱ्या वर्षात घ्यायचे. यात सूट कसली? जो माणूस जिना चढून पहिल्या मजल्यावर उभा आहे, त्याला जिन्यातून सूट दिली असे म्हणणे तर्काला धरून नाही. सहकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कोणी तरी चहाची वेळ झाल्याची आठवण केली, आणि शब्द जागच्या जागी राहिला.

बैठकीतून बाहेर पडताना मात्र ते काम पेंडसे यांच्याकडे आले होते. दर उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री आणि आसपासच्या गावांतल्या, क्वचित परदेशांतल्याही कॉलेजांतून आलेल्या अर्जदारांचा अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवायचा आणि विषयागणिक जुळतो का ते पाहायचे. रसायनशास्त्राचे जुळणे सोपे असे. अडायचे ते सर्वांना सक्तीच्या असलेल्या सामान्य विषयांपाशी: गणित, संगणक, शास्त्रीय लेखन. अनेक हुशार मुले तिथे अडकून पहिल्या वर्षात परत जात.

पेंडसे हे काम नावे झाकून करीत. विभागाची सेक्रेटरी प्रत्येक फाइलवरच्या नावावर, पत्त्यावर आणि जन्मस्थळावर पांढरी पट्टी चिकटवून मगच ती त्यांच्या टेबलावर ठेवी. नियमात हे कुठेही नव्हते; ही पद्धत त्यांनीच सुरू केली होती. निरीक्षकाच्या मनाचा कल निरीक्षणात उतरतो, आणि आपला कल नाही असे ज्याला वाटते त्याचा तर हमखास उतरतो, असे ते विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत. त्यांनी स्वतः सोळाव्या वर्षी जानवे काढून ठेवले होते. पुण्यात अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांत सतरंज्या घातल्या होत्या. दर एप्रिलला कॉव्हेंट्रीतल्या मराठी बौद्ध मंडळींच्या जयंतीच्या कार्यक्रमात ते विज्ञान आणि विवेक या विषयावर व्याख्यान देत, आणि सभागृहात शिरताना ‘जय भीम’ म्हणत.

२००६ च्या उन्हाळ्यात सगळे विषय पूर्णपणे जुळलेल्या दोनच फाइली निघाल्या. पट्ट्या काढल्यावर त्यांना दोन्ही नावे मराठी दिसली, आणि त्यांना, शास्त्रज्ञाला शोभणार नाही इतका, आनंद झाला.

पहिले नाव ईशिता देवधर. पुण्यात बी.एस्सी.ची दोन वर्षे करून ती आईवडिलांमागे ब्रॅकनेलला आली होती. वडील तिथल्या एका कंपनीत संगणकावर काम करीत. दुसरे नाव दिया रामटेके. तिला पेंडसे ती दप्तर पाठीवर घेऊन जयंतीला येई तेव्हापासून ओळखत होते. तिचा जन्म कॉव्हेंट्रीचा. शाळा संपताना होणाऱ्या ए-लेव्हलच्या परीक्षेच्या वर्षी तिची आई चंदाबाई गेली, निकाल व्हायचा तो झाला, आणि दिया गावातल्या कॉलेजात गेली. तिथे केशरचना शिकवत, गवंडीकाम शिकवत, आणि एका बाजूला उपयोजित रसायनशास्त्रही शिकवत. एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून तिने संध्याकाळच्या वर्गांतून तो अभ्यासक्रम संपवला होता.

या कॉलेजाची तिला लाज वाटे. मराठी घरांत ‘मुलगी कॉलेजला आहे’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते; कॉव्हेंट्रीच्या बस स्टॉपवर त्याच शब्दाचा अर्थ, विद्यापीठात जमले नाही, असा होतो. दिया दोन्ही भाषांत वाढली होती. कोणी मराठी मावशी ‘काय करतेस हल्ली?’ विचारी तेव्हा ती ‘कॉलेज’ म्हणे आणि मावशीचा गैरसमज तसाच राहू देई. नंतर पेंडसेकाकांना ती म्हणाली होती, “मी खोटा नाही बोलली, पण खरा पण नाही बोलली.” पेंडसे यांनी तिच्या वाक्यातले लिंग सुधारले होते: खोटं बोलले नाही, खरंही बोलले नाही. ते नेहमीच सुधारत. ती नेहमीच हसे.

अर्जदाराला निर्णय कळवण्याचे काम कार्यालयाचे होते. पण त्या दुपारी पेंडसे यांना वाटले, ही बातमी आपण आपल्या भाषेत द्यावी. त्यांनी आधी ब्रॅकनेलला फोन लावला. ईशिताच्या आई अरुणाताई यांनी घेतला. मग त्यांनी कॉव्हेंट्रीतलाच दुसरा नंबर फिरवला. दिया कामावर होती. तिच्या वडिलांनी, सुखदेव रामटेके यांनी, फोन घेतला.

“रामटेके साहेब, नमस्कार. दियाची काळजी सोडा,” पेंडसे म्हणाले. “मी सगळं बघितलंय. तिला पहिल्या वर्षाची सवलत मिळेल.”



“काय मिळेल?”

“सवलत. थेट दुसऱ्या वर्षाला बसेल ती.”

“असं,” सुखदेव म्हणाले. “कळवल्याबद्दल आभारी आहे.”

पेंडसे यांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा ते अतिशय समाधानी होते. आभार जरा कोरडे वाटले. पण सुखदेव रामटेके तसे कोरडेच गृहस्थ होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात विद्युत अभियंता म्हणून ते निवृत्त झाले होते, आणि जयंतीच्या कार्यक्रमाची वेळ ते कारखान्याच्या भोंग्याप्रमाणे पाळायला लावत.

पुढच्या आठवड्यात दिया विभागात आली. दार वाजवून आत आली, बसली नाही, आणि म्हणाली की तिला पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची आहे.

पेंडसे यांना आधी वाटले की तिला प्रक्रिया कळलेली नाही. त्यांनी ती पुन्हा समजावली. शुक्रवारी समिती बसेल, दोन्ही प्रकरणे तिच्यापुढे येतील, मंजुरी ही औपचारिक बाब आहे. एकदा पहिल्या वर्षात नाव नोंदवले की नंतर मागे घेता येणार नाही. एक वर्ष जाईल. आधी केलेले सगळे पुन्हा करावे लागेल, तेही आता तिच्याहून पाच वर्षांनी लहान मुलांबरोबर. तिने सगळे ऐकले.

“हो, आय नो. पण मला सवलत नको.”

“अगं, सवलत म्हणजे एक्झेम्प्शन. नियमातला शब्द आहे.”

“बाबांनी मला सांगितला ते काय असतं ते.”

“सांगितलं,” पेंडसे म्हणाले.

या वेळी ती हसली नाही. “सांगितलं,” तिने जसेच्या तसे म्हटले, आणि गेली.

त्यांना राग आला, आणि तो राग त्यांनी नेहमीप्रमाणे निदानाच्या रूपात मांडला. बाप मानी आहे. त्याला शब्द लागला आहे. शब्दाला अशी शक्ती बहाल करणे हे मंत्राला शक्ती बहाल करण्याहून वेगळे नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मंत्र नाकारले त्याने तरी असे करू नये. एका मुलीचे वर्ष एका शब्दापायी जाणार, हे अविवेकाचे इतके स्वच्छ उदाहरण होते की एखाद्या व्याख्यानात घालता आले असते. बापाशी समोरासमोर बोलले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. समितीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, काम संपल्यावर ते फोल्सहिल रोडपलीकडच्या रामटेके यांच्या घरी गेले.

सुखदेवांनी दार उघडले, “जय भीम, डॉक्टर” म्हणाले आणि बाजूला झाले. पेंडसे यांच्या तोंडून ‘नमस्कार’ गेला. सभागृहातला शब्द त्यांना दारात आठवला नाही. सुखदेवांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. बैठकीच्या खोलीत चंदाबाईंचा फोटो होता, खिडकीत एक लहान बुद्धमूर्ती, आणि टीपॉयवर आधीच काढून ठेवलेले तीन कप. म्हणजे दिया यायची होती.

पेंडसे यांनी तयारी केली होती. अभ्यासक्रम कसा जुळतो, गणित आणि लेखनसुद्धा कसे जुळते, नावे झाकलेली असताना कसे जुळले, हे त्यांनी क्रमाने सांगितले. हट्ट आपण समजू शकतो, पण त्याची किंमत मुलीने का द्यावी, असेही त्यांनी विचारले. सुखदेव चहा गाळत राहिले. बोलणे संपल्यावर त्यांनी गाळणी बाजूला ठेवली.

“झालं तुमचं?” ते म्हणाले. “हे सगळं मी तिला आठवडाभर सांगतोय. तुमच्याइतकं चांगलं नाही जमलं, पण सांगतोय.”



“तुम्हाला वाटलं, मीच अडवतोय. नाही?” सुखदेव हसले. “बाप्पा. अहो, माझ्या पोरीनं नोकरी करून शिकलेलं वर्ष मी कशाला पाण्यात टाकू?”

मग काय झाले ते त्यांनी सांगितले. फोन आला त्या संध्याकाळी त्यांनी दियाला निरोप जसाच्या तसा दिला होता, शब्द न बदलता. निरोप बदलून देण्याची त्यांना सवय नव्हती. दियाने विचारले, सवलत म्हणजे काय? त्यांनी शब्दार्थ सांगितला. ती म्हणाली, मग तुमचा चेहरा असा का? इथे त्यांची चूक झाली. त्यांनी शब्दार्थावर थांबायला हवे होते. त्यांनी तिला नागपूरची हकीकत सांगितली. इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचे नाव खुल्या यादीतच लागले होते, पण वसतिगृहात पहिल्या रात्री ताटावर बसल्यावर शेजारच्या मुलाने आडनाव विचारले आणि पलीकडच्याला म्हटले, सवलतीतला आहे. त्यानंतर चार वर्षे त्यांचा कोणताही गुण त्यांचा राहिला नाही. गणितात पहिले आले तरी ती सवलत. प्रयोगात शंभरपैकी नव्वद, तरी सवलत.

“राखीव जागेवर गेलो असतो तरी ती सवलत नव्हतीच,” सुखदेव म्हणाले. “हक्क होता. माझे भाऊ तसेच गेले, ताठ मानेनं गेले. सवलत देणारा वर बसलेला असतो. हक्काला तसा कोणी लागत नाही. हे मी तिला सांगितलं. पण तिच्या डोक्यात तेवढंच राहिलं, की एकदा तो शब्द चिकटला की मार्कं आपली राहत नाहीत.”

“पण माझ्या मनात तसं काही नव्हतं,” पेंडसे म्हणाले. “मी तो शब्द सहज वापरला. भाषांतर म्हणून.”

“असेल.” सुखदेवांनी कप पुढे सरकवला. “मी म्हणत नाही, तुमच्या मनात होतं. मी म्हणतो, तिला पटवायचं काम तुमचं. शब्द तुमचा होता.”

हे बोलणे पेंडसे यांना न्याय्य वाटले, आणि काहीसे सोपेही. अभ्यासक्रमांची तुलना पुन्हा मांडायची, शब्दाबद्दल दिलगिरी व्यक्त करायची. दोन्ही आपल्याला जमते. ते चहा प्यायले. शेवेचा चिवडा पुढे आला. सुखदेव पुढच्या जयंतीच्या सभागृहाबद्दल बोलू लागले, की या वेळी हीटिंग चालेल अशी हमी घेतल्याशिवाय ते बुक करायचे नाही, कारण गेल्या वेळी विवेकावरचे व्याख्यान लोकांनी कोट घालून ऐकले. पेंडसे हसले. त्या हसण्यात त्यांना सुटल्यासारखे वाटले.

दिया आली तेव्हा तिच्या बाह्यांना रंगाचा वास होता. तिने काकांना पाहिले, वडिलांकडे पाहिले आणि समोरच्या खुर्चीत बसली. पेंडसे यांनी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. शब्द चुकीचा वापरला गेला, त्याबद्दल दिलगीर आहे, असे ते म्हणाले. तिने मान हलवली. अभ्यासक्रम जुळतो हे वस्तुस्थिती म्हणून सिद्ध आहे, असे ते म्हणाले. तिने पुन्हा मान हलवली. ती वाद घालत नव्हती, आणि त्यामुळे त्यांचे मुद्दे लवकर संपले.

“काका, मी एक विचारू?” ती म्हणाली. “परवा युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला मला ईशिता भेटली. ती पण डायरेक्ट सेकंड इयरला जाते, राइट?”

“हो.”

“सेम रूल?”

“तोच नियम. तीच समिती. तुमच्या दोघींचे कागद मी एकाच दुपारी पाहिले. नावं झाकून.”

“आणि ती म्हणाली, तिच्या आईला तुम्हीच फोन केला. मराठीत.”

“हो.”

“तिच्या आईला काय म्हणाला? एक्झॅक्टली, म्हणजे. तो शब्द.”

पेंडसे यांची स्मरणशक्ती चांगली होती. आकडे, रंगबदल, बोललेली वाक्ये त्यांच्या लक्षात राहत; परीक्षकाला ते उपयोगी पडते. अरुणाताईंशी झालेले बोलणे त्यांना त्याच क्षणी संपूर्ण आठवले, आणि आठवल्यावर त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते म्हणाले होते: ‘वहिनी, ईशिताचं पहिलं वर्ष धरलं आहे.’ पहिलं वर्ष धरलं आहे. त्यात कोणी देणारा नव्हता. जे तिचे होते ते तिच्याकडे मोजले गेले होते, एवढेच. शब्द निवडला असे त्यांना तेव्हा वाटलेही नव्हते. रिसीव्हर ठेवून त्यांनी लगेच दुसरा नंबर फिरवला होता, आणि त्या नंबरवर ‘मी सगळं बघितलंय’ आणि ‘मिळेल’ आणि ‘सवलत’ हे तिन्ही एका श्वासात आले होते.

त्यांनी पर्यायी कारणे शोधली. शोधणे हा त्यांचा धर्म होता, इतर कोणताही नसल्यामुळे. दुसऱ्या वेळी थकलो होतो का? दोन फोनांमध्ये चहा पिण्याइतकाही वेळ गेला नव्हता. समोरच्या माणसाला सोपा शब्द हवा म्हणून? सुखदेव रामटेके यांची मराठी अरुणाताईंच्या मराठीपेक्षा चांगली होती, पेंडसे यांच्यापेक्षाही होती. आणि त्यांना सोपा शब्द लागेल हे गृहीत धरले असेल, तर ते कारण नव्हते, तोच आजार होता. मग उरला तो शब्द कुठून आला याचा शोध. त्यासाठी लांब जावे लागले नाही. पुण्याच्या घरी जेवताना वडील कोणाच्या प्रवेशाबद्दल, कोणाच्या बढतीबद्दल तो वापरीत, आमटी वाढा म्हणावे तितक्या सहज. सोळाव्या वर्षी त्यांनी वडिलांशी त्यावर वाद घातला होता आणि तो जिंकला होता असे ते समजत आले होते. वाद जिंकला, शब्द तोंडात राहिला, आणि योग्य आडनाव दिसताच आपणहून बाहेर आला.

फाइलीवर पट्टी होती. फोनवर नव्हती.

आता दोन उत्तरे शक्य होती. एक: आठवत नाही, तेच म्हणालो असेन, सवलतच. हे कोणी खोटे ठरवू शकले नसते. अरुणाताई ब्रॅकनेलमध्ये होत्या आणि इतके शब्दशः कोणाला आठवते? त्या उत्तराने पेंडसे वाचले असते. एक निष्काळजी माणूस, सर्वांशी सारखाच निष्काळजी. पण मग दियाच्या लेखी ती सवलतच राहिली असती, फक्त दोघींना मिळालेली, आणि ती पहिल्या वर्षाला बसली असती.

दुसऱ्या उत्तरात पुरावा होता. नियम एक, समिती एक, दुपार एक. एकीचे वर्ष धरले, दुसरीला सवलत. फरक तिच्या अभ्यासात नव्हता हे सिद्ध करणारी दुसरी कोणतीही वस्तू या जगात नव्हती. विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी त्यांनी आयुष्यभर नियंत्रित प्रयोगाची जी उदाहरणे शोधली, त्यांतले हे सर्वांत नीटनेटके होते, आणि ते त्यांनी स्वतःच, नकळत, मांडून ठेवले होते.

सुखदेव कप गोळा करायला लागले होते. ते थांबले नाहीत, पण कप एकमेकांना लागणार नाहीत असे उचलू लागले.

“मी म्हणालो,” पेंडसे म्हणाले, “की ईशिताचं पहिलं वर्ष धरलं आहे.”

“धरलं म्हणजे?”

“मोजलं. तिचं होतं, ते तिच्या नावावर मोजलं.”

“सवलत नाही म्हणालात?”

“नाही.”

“त्यांच्यात कुणालाच नाही? तिच्या आईला, डॅडला?”

“नाही. तो शब्द मी फक्त इथे वापरला.”

दिया बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग असता तर त्यांना सोपे गेले असते. ती कारखान्यात तपासणीला आलेल्या डब्याकडे पाहावे तसे पाहत होती, झाकण उघडून, रंग ठरल्याप्रमाणे आहे का ते.

“सो,” ती शेवटी म्हणाली, “रूल सेम. मॉड्यूल्स सेम. डे सेम. मग व्हेरिएबल एकच आहे.” तिने बोट दाखवले नाही. “तुम्ही.”

“हो,” पेंडसे म्हणाले.

“म्हणजे माझा वर्ष ठीक होता.”

“तुझं वर्ष पहिल्यापासून ठीक होतं.”

“ओके,” ती म्हणाली. “मग मी घेते.”

कोणी तरी काही तरी म्हणेल, आता वातावरण हलके होईल, अशी पेंडसे यांनी वाट पाहिली. सुखदेव कपांचा ट्रे हातात घेऊन दारात उभे होते, आत जात नव्हते.

“डॉक्टर, फोन मला आला होता,” ते म्हणाले. “निरोप अजून चुकीचाच आहे माझ्याकडे.”

पेंडसे यांना कळायला क्षणभर लागला. मग ते उभे राहिले. उभे राहण्याची गरज नव्हती, पण बसून ते वाक्य निघेना. “रामटेके साहेब,” ते म्हणाले, “दियाचं पहिलं वर्ष धरलं आहे.”

व्याख्यानाला शेकडो माणसांपुढे त्यांचा आवाज कधी कापत नसे. या चार भिंतींत तो शेवटच्या शब्दावर खाली गेला.

“ऐकलं,” सुखदेव म्हणाले.

“माझा पहिला वर्ष धरला आहे,” दिया स्वतःशीच म्हणाली, शब्दांची चव घेत.

पेंडसे यांच्या ओठांवर दुरुस्ती आली होती. तोंड उघडलेही होते. ते त्यांनी मिटले.

“धरलं,” सुखदेव आत जाता जाता म्हणाले. “वर्ष धरलं. तुझी आई असती तर कान धरला असता.” आणि स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे पेंडसे यांनी दोन्ही प्रकरणे मांडली. इंग्रजीत दोघींनाही एकच शब्द होता, एक्झेम्प्शन, आणि तो त्यांनी दोनदा उच्चारला. अध्यक्षांनी विचारले, काही अडचण आली का. पेंडसे म्हणाले, कागदांत नाही. अध्यक्षांनी ते ऐकले आणि लिहून घेतले: सरळ प्रकरणे. या खोलीत, या भाषेत, त्यांच्याबद्दल कोणालाही कधीच काही कळले नसते, हे पेंडसे यांच्या ध्यानात आले, आणि त्याचा दिलासा वाटण्याऐवजी त्यांना आदल्या संध्याकाळपेक्षा अधिक लाज वाटली. ज्या शब्दाविरुद्ध त्यांनी बैठकीत तक्रार केली होती, त्या शब्दाने निदान दोघींना सारखेच वागवले होते.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिके सुरू झाली. ईशिता आणि दिया एकाच बाकावर काम करीत. दियाचे हात चांगले होते. कारखान्याने ते घडवले होते. पेंडसे बाकांमधून फिरत तिथे पोचले की ईशिता मराठीत बोले, सर, हे बरोबर आहे का. दिया चष्मा वर करून इंग्रजीत विचारी. तिचे प्रश्न नेमके असत, आवाज सौजन्याचा असे, आणि ती त्यांना ‘डॉक्टर पेंडसे’ म्हणे, जसे इतर सगळे म्हणत. काका हा शब्द तिने परत घेतला होता. त्यावर आपला हक्क होता असे त्यांना म्हणता आले नसते.

एकदा त्यांनी मराठीत उत्तर दिले. तिने ते समजून घेतले, मान हलवली आणि इंग्रजीतच आभार मानले. मग ती ईशिताकडे वळून म्हणाली, “ती फ्लास्क दे ना,” आणि ईशिता म्हणाली, “तो फ्लास्क,” आणि दिया हसली. पेंडसे तोवर पुढच्या बाकापाशी गेले होते, पण ते हसू त्यांना ऐकू आले. तिथल्या विद्यार्थ्याने त्यांना काही विचारले होते, आणि ते पुन्हा विचार, असे त्यांना त्याला सांगावे लागले.